मिटल्या मुठीचा कोनाडा

अहो, तो मोबाईल आधी खिशात घाला. दर्ग्याचा फोटो काढा, लिंबाचा काढा, हवं तर माझाही काढा; पण या कोनाड्याचा नाही. इथे कोण हात घालतं ते बघायचं नसतं. ही कड बघा, दगड असून कशी गुळगुळीत झालीय. पाण्यानं नाही, मुठींनी.

आमच्या लिंबाळ्यात फार पूर्वी लुकमानबाबा म्हणून मुजावर होते. किती पिढ्या झाल्या ते विचारू नका, माझ्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं. पिरापुढे लोक पैसे ठेवत, ते बाबा गरजवंताला धंद्यासाठी देत. व्याज नाही, तारण नाही. जमेल तेव्हा घेतलं तेवढंच परत आणायचं. आमच्यात याला कर्ज-ए-हसना म्हणतात, म्हणजे चांगल्या मनानं दिलेलं कर्ज. खैरात नव्हे बरं का!

गावात रहीमत नावाची मणियारीण होती. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. तिनं बाबांकडून पैसे घेऊन टोपलीभर काचेच्या बांगड्या आणल्या. आता बाबा भले, पण फार भोळे. गुरुवारी सगळं गाव, हिंदू-मुसलमान, दुआला जमलेलं. तिथे बाबा हात पसरून मोठ्यानं म्हणाले म्हणे, "या अल्ला, आमच्या रहीमतनं दर्ग्यातून कर्ज घेतलंय, तिच्या धंद्यात बरकत दे!" झालं! दुआच ती, पण अल्लाच्या आधी गावानं ऐकली.

तेव्हा लग्नसराई होती. पाटलांच्या गोदाक्काचं लग्न ठरलेलं. रहीमत टोपली घेऊन दारात गेली, तर सरजाबाई पाटलीण उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "खैरातीच्या बांगड्या नवरीला कशा भरायच्या गं?" पाटलीणबाईंनीच नाही म्हटल्यावर बाकीच्या घरांचं काय सांगायचं? एक हात पुढे आला नाही.

रहीमतनं सगळा माल व्यापाऱ्याला परत केला आणि पैसे बाबांपुढे आणून ठेवले. म्हणाली, "उपाशी राहीन बाबा, पण माझ्या नावानं दुआ मागू नका."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, असं सांगतात. त्यांना फार लागलं ते. त्यांनी शपथ घेतली, की यापुढे कर्ज घेणाऱ्याचं नाव माझ्या ओठावर येणार नाही आणि तोंड मला दिसणार नाही. मग भिंतीतले दोन दगड काढून हा कोनाडा केला, आत गाडगं ठेवलं आणि गावाला सांगितलं: द्यायचं असो, फेडायचं असो की घ्यायचं असो, मूठ मिटून आत घाला, मिटूनच बाहेर काढा.

गुरुवार आला, पण कुणी जागचं हलेना. जो जाईल तो कर्जदार ठरणार ना! रहीमत या लिंबाखाली उभी होती, तिचा पाय उचलेना. घरी पीठ संपलेलं.

शेवटी बाबा पाटलीणबाईंपुढे जाऊन उभे राहिले. "माई, चूक माझी झाली. तुम्ही रिकामी मूठ घाला, पण घाला. तुमच्यामागून जाणारीला मग कुणी नावं ठेवणार नाही."

आपण काय बोलून बसलो ते पाटलीणबाईंनाही टोचत असणार. उठल्या, मूठ घातली, काढली. गाव बघतच राहिलं! कुणीतरी विचारलंच, "बाई, ठेवलंत की घेतलंत?"

"माझं मला ठाऊक नि पिराला ठाऊक," त्या म्हणाल्या.

मग सुतार उठला, वाणी उठला, रांगच लागली. त्या रांगेत रहीमत कधी जाऊन आली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बाबा तर पाठ करून उभे होते.

आठ दिवसांनी ती भरल्या टोपलीनं याच लिंबाखाली येऊन बसली. गोदाक्का आली, सगळ्या गावादेखत पुढ्यात बसली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "मावशी, भरा." रहीमतच्या डोळ्यांना धार लागली होती म्हणे, पण एकही बांगडी वाढवली नाही तिनं.

आजही लिंबाळ्याची नवरी बांगड्या भरायला इथेच येते. आजही गुरुवारी आख्खं गाव मूठ घालतं, आलेल्या पाहुण्यांसकट. माझी? भरलेली आत जाते की भरलेली बाहेर येते, हे तुम्हाला सांगायला मी काय खुळा आहे? चला, चपला काढा. मी पाठ करून उभा राहतो.