सहावी गोळी

संस्थानाच्या काळात आमच्या गावी बंदुका दुरुस्त करायला इस्माईलचाचा होते. एकदा जहागीरदार भुजंगराव वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. ते हातातून पडलं तर गोळी सुटू नये, म्हणून त्यात नवी सुरक्षेची पट्टी बसवायची होती.

"सरकार, पट्टीनं चाप जड होईल, नेम हलेल," चाचा म्हणाले. "थोरले सरकार पाचच गोळ्या भरायचे आणि गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे, म्हणजे पडलं तरी गोळी सुटायची नाही."

"मला सहाच्या सहा हव्यात! जमत नसेल तर उद्यापासून आमचं काम बंद."

चाचांनी अदबीनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं.

"बसवतो, सरकार. थोरल्या सरकारांचं एका गोळीत भागायचं. ज्याच्या पाच चुकतात, त्याला सहावी लागणारच."

भुजंगरावांनी रिव्हॉल्व्हर तसंच परत नेलं. चाचा पुढे सांगायचे, तसा हलका चाप पुन्हा कुठे पाहिला नाही.