हिवरमाळच्या चिंचेचं पान

दिवस उगवून दोन घटका झाल्या होत्या, आताच्या घड्याळाने पावणेसात धरा. त्या वेळेला ठकू नावाच्या बाळंतिणीच्या चुलीवरचं शेवटचं मडकं तडकलं, आणि पेज शिजवायला घरात एक भांडं उरलं नाही. सगळं सुरू झालं ते तिथून.

सगळं म्हणजे काय, ते सांगते. हिवरमाळला एसटी थांबते तिथेच ही चिंच आहे. माणसाचा हात पोचेल तिथवर तिला पान नाही. वर बघाल तर गर्द सावली आणि खाली नुसत्या काटक्या. डोंगरावर देवीला जाणारे पाहुणे इथे चहाला उतरतात आणि विचारतात, झाडाला कीड लागलीय का? कुणी म्हणतं शेळ्या खात असतील. कुणी तर न विचारताच दोरा बांधून नवस बोलून मोकळं होतं. अहो, ते नवसाचं झाड नाही! ते दोरे नंतर आम्हालाच सोडवावे लागतात. आमचं दार झाडासमोर, त्यामुळे सगळे मलाच विचारतात. मी कडेवर लेकरू घेऊन सांगायला लागते, तोवर गाडी सुटते, पाहुणे अर्धीच गोष्ट घेऊन जातात आणि पुढे भलतंच सांगतात. म्हणून एकदा पुरतं लिहून काढलं. सासूबाईंनी सांगितलं तसं, आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं तसं.

फार मागची गोष्ट आहे. तेव्हाही हिवरमाळात एक रीत होती, की कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवं. गुळाचा खडा, चार शेंगा, बोरं, काहीही. रीत चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण चांगल्या रीतीचं माणसं काय करून ठेवतात ते बघा.

ठकूचा हात मोठा. गाय व्याली की चीक, शेतात कणसं भरली की हुरडा, ती भांडी भरभरून घरोघर पोचवायची. तेव्हा एका घरात भांडी तरी किती असायची? माहेरची एक पितळी तपेली, एक डेचकं, दोन वाडगी. तीही सगळी बाहेर. सुगीत ती फिरून घरी यायचीच, म्हणून कुणी चौकशी करत नव्हतं.

मग म्हणे पाऊस आला नाही. पुढच्या सालीही आला नाही. दुसऱ्याच्या भांड्यात घालायला कुणाकडे चिमूटभर काही राहिलं नाही, आणि रिकामं तर द्यायचं नाही! झालं. ज्याचं भांडं जिच्याकडे होतं ते तिच्याकडेच राहिलं. घासून, पुसून, फळीवर पालथं. दुसऱ्याच्या भांड्यात आपलं शिजवणं बरं दिसत नाही, म्हणून ते वापरायचंही नाही. असे सांगतात, की त्या साली अख्खा गाव फुटक्या खापरात शिजवत होता आणि घरोघरच्या फळ्यांवर दुसऱ्यांची भांडी लखलखत होती. कपाळाला हात लावावा, नाहीतर काय! नवी मडकी घ्यावीत तर कुंभार कधीच गाव सोडून गेलेला, त्याच्या मातीला पाणी कुठून आणायचं?

अशात ठकू बाळंत झाली. मुलगी झाली. नवरा गुरं जगवायला नदीकाठच्या मुलखात गेलेला, घरात ती आणि सासू आवडाबाई, दोघीच. पोरीचं बारसंही व्हायचं होतं. ठकूच्या अंगात ताप, तोंड आलेलं, भाकरीचा तुकडा गिळेना. दूध आटत चाललं. लेकरू भुकेने रडरड रडायचं, आणि त्या दिवशी पहाटेपासून ते रडायचंच थांबलं. ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना मी काय सांगू? रडणाऱ्या लेकराची भीती नसते. गप्प पडलेल्या लेकराची असते.

माहेराहून कुणा वाटसरूच्या हाती ठकूला तांदळाची कणी आली होती. तिची पातळ पेज घशाखाली उतरली असती, दूध आलं असतं. तीच पेज करायला मडकं चुलीवर चढवलं, आणि ते तडकलं.

आवडाबाई धावत शेजारी राहीकडे गेली. ठकूची तपेली राहीच्याच फळीवर होती, दारातून दिसत होती.

“राही, तेवढी आमची तपेली दे गं.”

“देते की मावशी, तुमचीच हाय. घालायला कायतरी मिळू दे.”

“काय नको घालायला. हाय तशी दे.”

राहीने कानांवर हात ठेवले. “बाळंतिणीच्या घरात रिकामं भांडं धाडू? पाळणा रिकामा व्हावा म्हणून? मावशी, असलं पाप माझ्या हातून नका करवून घेऊ.”

राही वाईट बाई नव्हती. ठकूचं लेकरू रडलं की ही आपल्या घरात उठून बसायची. तिची भीती होती ती त्या लेकरासाठीच. आवडाबाई पुढच्या दारात गेली. तिथली म्हणाली, “उद्या या, माझा भाऊ येनार हाय, त्यो कायतरी आनंलच.” त्याच्या पुढची म्हणाली, “आक्का, आमी काय एवढं भिकारी झालो का रिकामं धाडायला?” एकीने तर पाट मांडला, पाणी दिलं, विचारपूस केली, पदराने डोळे पुसले, आणि भांडं तेवढं दिलं नाही. सगळ्या गल्लीचा जीव त्या लेकरावर, आणि लेकरू तिकडे गार पडत चाललेलं!

आवडाबाई हात हलवत परत आली.

“तपेली?” ठकूने विचारलं.

“भरून देते म्हनाली. उद्या.”

ठकू उठली. ओली बाळंतीण, सोयर फिटलेलं नाही. म्हणजे तिने उंबरा ओलांडायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. आवडाबाई दारात आडवी आली. “अगं कुठं निघालीस? गाव काय म्हनंल?”

“गावाला म्हनू दे, आत्या. उद्यापातूर ही ऱ्हायची न्हाई.”

लेकरू पदरात बांधून, भिंती धरत धरत ती निघाली. वाटेत ही चिंच. कोवळा पाला आंबट लागतो म्हणून माणसांनी आणि शेरडांनी दुष्काळात तो ओरबाडून खाल्लेला. खालच्या एका फांदीच्या टोकाला तेवढं हिरवं राहिलं होतं. ठकूने त्यातलं एक पान तोडलं आणि राहीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. पान उंबऱ्यावर ठेवून बाहेरूनच म्हणाली,

“हे टाक तपेलीत.”

“ह्यानं काय हुतंय गं?”

“भरली. आता दे.”

राही हलेना. नुसती मान हलवत रडायला लागली. तेव्हा ठकू मोठ्याने बोलली, गल्लीतल्या सगळ्या दारांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अंगात ताप असताना एवढा आवाज कुठून आला, देव जाणे.

“ह्या चिंचेचं पान घालून जी भांडं परत देईल, तिनं दिलेलं भांडं भरलेलं धरायचं. आन् देवाला ते रिकामं वाटलं, तर त्याचा दोष मला. देनारीला न्हाई, माझ्या लेकीलाबी न्हाई. मला.”

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून तिने तशी आण घेतली. मग राहीने पान उचललं, तपेलीत टाकलं आणि तपेली उंबऱ्याबाहेर ठेवली.

पेज शिजली ती पानासकट. आंबूस झाली, आलेल्या तोंडाला झोंबली, तरी ठकू घोट घोट प्याली. दिवस कलायच्या आत लेकीने पदर ओढला आणि असं टाहो फोडून रडली, की गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून ऐकत राहिल्या.

एकीने धीर केला म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. दिवेलागणीपर्यंत गावात नुसता भांड्यांचा खणखणाट. जिचं तिचं भांडं, एकेक पान घालून, ज्याच्या त्याच्या घरी पोचलं. त्या फांदीला पानं ती किती होती! पण असे सांगतात, की जेवढी तोडली तेवढी तिथे नवी फुटत गेली, शेवटचं भांडं घरी जाईपर्यंत. मी काही बघायला नव्हते, पण आमच्या सासूबाईंसमोर शंका काढायची सोय नाही.

ठकूचं पुढे काय झालं यावर गावात दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, दोष तिला लागला आणि पुढच्या पावसाआधी ती गेली. सासूबाई म्हणतात, साफ खोटं. ती चांगली म्हातारी होऊन मेली आणि मरेपर्यंत काठी टेकत दारोदार फिरून लोकांना एकमेकांची भांडी परत द्यायला लावत होती, बाया तिला बघून फळीवर पडदा ओढायच्या. मला हेच खरं वाटतं.

आजही हिवरमाळात भांडं परत देताना चिंचेचं पान घालतात. देणारीने “भरलंय” म्हणायचं, घेणारीने झाकण उघडून बघायचं नाही. खालच्या फांद्या बोडक्या आहेत त्या ह्यामुळे. कीड नाही, शेळ्या नाहीत.

पण आता तेही मागे पडायला लागलंय. पानाची लाज वाटते लोकांना! आमच्या हौसाकाकूंकडे माझ्या लेकीचा क्लिपवाला छोटा डबा आहे. अंगणवाडीत ती त्याच डब्यातलं खाते, दुसऱ्यातला घास घेत नाही, आणि ताई दर महिन्याला वजन करून माझ्याकडे बघतात. मी मागितला की काकू म्हणतात, “अगं, नुसतं पान घालून कसा देऊ? दिवाळीला चकल्या घालून देते.” आत्ता आषाढ चाललाय! काकूंची माया मला कळते. राहीचीही होतीच.

तेव्हा वाचणाऱ्यांनी एवढं करा. घरी गेलात की आधी फळीवर बघा. कुणाचा डबा, कुणाची वाटी पालथी घातलेली दिसली तर सणाची वाट बघू नका. चिंच नसेल तर दुसरं पान टाका, तेही नसेल तर तसाच नेऊन द्या. दोष घेणारी तो कधीच घेऊन गेली आहे. आणि शेजारणीला सांगा, तिला तिच्या शेजारणीला सांगायला सांगा, की उद्या भरून नको. आज दे. तिकडे कुणाचं लेकरू जेवायचं थांबलं असेल.