सोनं गिळलेल्या पेशी

“मेल्या किती?”

तेंडोलकर मास्तरांनी मायक्रोस्कोपच्या नळीवरचा डोळा न काढता विचारलं.

“शंभरात दोन,” सुधन्वा म्हणाला. “सोनं न घातलेल्या बशीतही दोनच मरतात, सर.”

“म्हणजे सोन्यानं एकही मेली नाही.”

“एकही नाही.”

मास्तरांनी काचपट्टी जराशी सरकवली.

“मग जगल्या किती?”

सरांचं वय झालं, असं सुधन्वाच्या मनात आलं. शंभरातून दोन गेल्या की किती उरतात, हेही आता सांगावं लागणार.

“अठ्ठ्याण्णव,” तो शांतपणे म्हणाला.

मास्तरांनी पट्टी पुन्हा मागं सरकवली…

शेवडीच्या टेकडीवर नाथांचा एक लहानसा मठ आहे. मास्तर अकरा वर्षांपासून तिथं राहत होते. ते गोसावी नव्हते, कोणाला उपदेशही करत नसत. ओसरीवर त्यांचा जुना मायक्रोस्कोप असे, आरशावर ऊन घेऊन चालणारा. पायथ्याच्या आरोग्य केंद्रातून रक्ताच्या काचपट्ट्या वर येत आणि मास्तर त्या पडताळून खाली धाडत.

त्याआधी बत्तीस वर्षं त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात पेशीशास्त्र शिकवलं होतं. या बत्तीस वर्षांत त्यांनी कोणाला तोंडावर ‘छान’ म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सुधन्वा वळसंगकर त्यांच्या हाताखाली पाच वर्षं होता. त्यालाही आठवत नव्हतं.

आता सुधन्वा त्रेचाळीस वर्षांचा होता. शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थेत त्याचं नाव आदरानं घेतलं जाई. त्यानं सोन्याचे कण तयार केले होते. केसाच्या जाडीत चार हजार कण ओळीनं बसतील, इतके बारीक. त्या कणांवर कर्करोगाचं औषध चढवायचं आणि ते शिरेतून सोडायचं. कण थेट यकृतातल्या गाठीपर्यंत पोचत आणि औषध तिथंच उतरवत. उंदरांच्या गाठी निम्म्यानं आटल्या होत्या.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बारा माणसांवर चाचणी सुरू व्हायची होती. संस्थेच्या नीतिसमितीला बाहेरच्या एका जाणकाराची सही हवी होती. सही कोणीही दिली असती. पण सुधन्वाला मास्तरांचीच हवी होती. म्हणून तो कागदांची बॅग खांद्याला लावून टेकडी चढून आला होता.

बारातले पहिले होते बार्शीचे इलाही शेख. एसटीत कंडक्टर, वय छप्पन्न. सर्जननी हात टेकले होते. इलाहीभाईंनी एकच विचारलं होतं, साहेब, याचा काही त्रास? सुधन्वानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की सोनं कधी कोणाला त्रास देत नाही. इलाहीभाई हसले होते. हे घरी सांगतो म्हणाले, आणि त्यांनी सही केली होती.

“औषध गाठीत उतरलं,” मास्तर म्हणाले. “सोनं कुठं जातं?”

“बरंचसं यकृतातच राहतं. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात.”

यकृतातल्या या पेशी म्हणजे वेशीवरचे राखणदार. रक्ताबरोबर आलेला रोगजंतू दिसला की त्याला धरायचं आणि गिळायचं, हे त्यांचं काम. हे सुधन्वाला याच माणसानं शिकवलं होतं.

“मग?”

“मग काही नाही. सोनं गंजत नाही, विरघळत नाही. पडून राहतं.”

“किती दिवस?”

“…उंदरांत सहा महिन्यांनीही होतं.”

“आणि त्या पेशी?”

“जिवंत असतात, सर. तेच तर मी दाखवलंय.”

मास्तरांनी नळीचं चक्र जरासं फिरवलं. मग त्यांनी एक साधं काम सांगितलं. सोनं गिळलेल्या पेशींसमोर रोगजंतू ठेव आणि त्या काय करतात ते बघ. चार दिवसांत होईल.

सुधन्वानं नम्रपणे समजावलं. नियमांत ही परीक्षा कुठंच नाही. जे जे नियमांत आहे ते सगळं झालंय. तारीख ठरलीय, खाटा राखून ठेवल्यात. आणि इलाहीभाईंना थांबायला वेळ नाही. हे शेवटचं खरं होतं. खरं होतं म्हणून त्यानं ते दोनदा सांगितलं.

मास्तर नळीतच बघत राहिले.

ओसरीवरचं ऊन बोटभर सरकलं…

जे सांगायचं नाही असं ठरवून सुधन्वा टेकडी चढला होता, तेच आता त्याच्या ओठांवर आलं. त्यानं शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सारली.

“सर, मी स्वतः टोचून घेतलंय. रुग्णाला देणार तेवढंच सोनं. चाळीस दिवस झाले.”

हे कोणालाच माहीत नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही.

मास्तरांनी पहिल्यांदाच नळीवरचा डोळा काढला. ते त्या हाताकडे बघत राहिले. हातावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“बरा आहेस?”

“उत्तम. सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत.”

“हं…”

सुधन्वा थांबला. एका शब्दासाठी तो वीस वर्षं थांबला होता, आणखी थोडा वेळ थांबायला त्याची हरकत नव्हती.

मास्तरांनी त्याचा अहवाल पुढं ओढला आणि तक्त्याचं पान काढलं. खिशातली पेन्सिल घेतली. ‘जिवंत’ असं लिहिलेल्या रकान्यात, अठ्ठ्याण्णवच्या खाली, त्यांनी ठळक एकचा आकडा काढला. फळ्यावर काढत तसा. मग अहवाल मिटून त्याच्या हातात दिला. सही केली नाही.

“हे काय, सर?”

“तूच म्हणालास ना, बरा आहे.”

“मी पेशी नाही, सर.”

मास्तरांनी नवी काचपट्टी नळीखाली सरकवली.

“त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.”

सुधन्वा रागानं खाली उतरला. गाडीत बसल्या बसल्या त्यानं दुसऱ्या एका जाणकाराला फोन लावला. ते गृहस्थ आनंदानं तयार झाले, गुरुवारी येऊन सही करतो म्हणाले. तो दिवस सोमवार होता.

मग ते पान फाडून टाकावं म्हणून त्यानं अहवाल उघडला. पान तसंच ठेवून मिटला.

घरी जाण्याऐवजी तो प्रयोगशाळेत गेला. पेशींच्या बशा त्यानं स्वतःच्या हातानं लावायला घेतल्या. बारा वर्षांत त्यानं हे काम केलं नव्हतं. तिथली मुलं एकमेकांकडे बघू लागली, पण विचारलं कोणी नाही. आठ बशा लावल्या. चार बशांत सोनं, चार बशांत काही नाही. बुधवारी सकाळी त्यानं आठही बशांत सारखेच रोगजंतू सोडले.

दुपारी तो बघायला बसला.

सोनं नसलेल्या पेशी कामाला लागल्या होत्या. अंग लांबवून जंतू ओढत होत्या, गिळत होत्या. त्याला विद्यार्थी असतानाचे दिवस आठवले. तेव्हा हे बघताना तो जेवायचं विसरत असे.

सोनं गिळलेल्या पेशी गोल होत्या, भरलेल्या. त्यांच्या पोटात काळसर ठिपके दाटले होते. एरवी कोणीही त्यांना ठणठणीत म्हटलं असतं. एका पेशीच्या कुशीला एक जंतू येऊन टेकला होता. सुधन्वा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

पेशीनं काहीच केलं नाही.

त्यातल्याच काही पेशी त्यानं मोजणीच्या यंत्रात घातल्या. यंत्रानं आकडा दाखवला. शंभरात अठ्ठ्याण्णव जिवंत.

गुरुवारी सकाळी सोन्याच्या चारही बशांतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतूंनी बशा व्यापल्या होत्या. उरलेल्या चार बशांत खालची काच स्वच्छ दिसत होती.

तो उभाच होता. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपला हात आपल्याच उजव्या बरगडीखाली जाऊन बसलाय, यकृतावर.

त्यानं त्या दुसऱ्या जाणकारांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मग नीतिसमितीपुढं जाऊन त्यानं सगळं मांडलं. बशा मांडल्या आणि बाहीखालचंही सांगितलं. चाचणी थांबली. कोणाला न विचारता, न कळवता स्वतःवर प्रयोग केला म्हणून प्रमुखपद त्याच्याकडून काढून घेतलं. संचालक म्हणाले, बशांचं तू झाकून ठेवलं असतंस तर आम्हाला कळलंही नसतं. ते कौतुक होतं की ठपका, हे सुधन्वाला कळलं नाही.

बारापैकी अकरा जणांना संस्थेनं पत्रं धाडली. बार्शीला तो स्वतः गेला.

इलाहीभाई अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता.

“मी तुम्हाला त्रास नाही म्हणालो होतो,” सुधन्वा म्हणाला. “ते मला माहीत नव्हतं, इलाहीभाई. तरी मी म्हणालो.”

“आता माहीत झालं?”

“थोडं.”

“मग आता कधी?”

सुधन्वानं सांगितलं, आठ-दहा महिने तरी लागतील. ऐकून इलाहीभाई रस्त्याकडे बघत राहिले. आठ-दहा महिने म्हणजे काय, हे दोघांनाही समजत होतं.

“तीस वर्षं नोकरी केली साहेब,” ते म्हणाले. “गाडी रद्द झाली की आम्ही फळ्यावर लिहून मोकळे. प्रवाशाच्या घरी जाऊन कोणी सांगितलेलं मी बघितलं नाही.”

मग त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर सुधन्वा तीनदा बार्शीला जाऊन आला. नेण्यासारखं त्याच्याजवळ काही नसे. तो नुसता बाजेजवळ बसे, आणि इलाहीभाई त्याला घाटातल्या जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगत. जूनच्या अखेरीस ते गेले. मयतीला सुधन्वा मागं उभा राहिला. इलाहीभाईंचा धाकटा भाऊ येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलला. त्यांची बायको बोलली नाही.

सोन्यानं इलाहीभाईंना वर्षभर मिळालं असतं, की एखाद्या किरकोळ तापानं त्यांना आठवड्यात नेलं असतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सुधन्वालाही नाही, आणि सांगता येईल असा कुठला प्रयोगही नव्हता.

प्रयोगशाळेत काम चालू राहिलं. सोनं निम्मं केलं, तर पेशी जंतू गिळत, पण रेंगाळत. पाव केलं, तेव्हा जवळजवळ पूर्वीसारख्या गिळू लागल्या. मग उंदरांवर तेच करून पाहिलं. सोनं द्यायचं, नंतर जंतू टोचायचे आणि वाट बघायची. पाव सोन्यावर उंदीर तगले. त्यांच्या गाठी आटायला वेळ लागला, पण आटल्या.

डिसेंबरात सुधन्वा पुन्हा टेकडी चढून गेला.

मास्तर वाळले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आता ते दुसऱ्या डोळ्यानं नळीत बघत. सुधन्वानं नवा अर्ज त्यांच्यापुढं ठेवला.

या अर्जात एक पान असं होतं, जे आधीच्या अर्जात नव्हतं. ‘आम्हाला काय माहीत नाही’ असा त्यावर मथळा होता. दोन वर्षांनी हे सोनं कुठं असेल, माहीत नाही. आधीच दुबळ्या झालेल्या यकृताला पाव सोनंही झेपेल का, माहीत नाही. असं ते पान खालपर्यंत भरलं होतं. एका ओळीत लिहिलं होतं की पूर्ण मात्रेचं सोनं एका पुरुषाच्या शरीरात आहे, वर्ष होत आलं, परिणाम माहीत नाही.

मास्तरांनी सगळं वाचलं. वाचता वाचता आरशावरचं ऊन निघून गेलं, पण त्यांनी आरसा वळवला नाही.

“प्रमुख कोण?”

“माझ्या हाताखाली होत्या त्या बाई. आता मी त्यांच्या हाताखाली आहे.”

मास्तर पुन्हा पहिल्या पानावर गेले.

सुधन्वानं मग इलाहीभाईंचं सांगितलं. बाजेचं, घाटातल्या गोष्टींचं, मयतीचं. सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला.

“मी थांबवलं नसतं तर ते कदाचित… सर?”

खाली रस्त्यानं एक गाडी गेली आणि तिचा आवाज विरेपर्यंत दोघं तिकडं बघत राहिले…

मग मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या पानावर वाकले. सावकाश, पूर्ण नावाची सही करू लागले.

सुधन्वाचा हात नकळत पुढं झाला.

“थांबा, सर. मला अजून खात्री नाही.”

मास्तरांनी सही पुरी केली आणि पेनाचं टोपण लावलं.

“तेव्हा होती.”