डोहातला दरबार

भुजंगराजाच्या वाढदिवसाला यंदा एकच पाहुणा आला, आणि तोही न खाता गेला!

दर वाढदिवसाला राजा घाटावर उभा राहून डोहात चुरमुरे टाकायचा आणि सोनेरी खवल्यांचे खडस मासे झुंडीनं येऊन ते मटकावायचे. यंदा एकच खडस आला. त्यानं चुरमुऱ्याला तोंड लावलं, राजाकडे पाहिलं आणि पाठ फिरवून तो निघून गेला. राणी रुसली तरी ज्याला चार दिवस पत्ता लागत नसे, तो राजा मासा रुसला म्हणून जेवला नाही.

त्यानं पाणी-देखरेख मंडळाला बोलावून घेतलं. मंडळात तिघे होते. बागेचे दारोगा रंभाजी, हत्तीखान्याचे दारोगा येसाजी आणि अध्यक्ष त्र्यंबकशास्त्री. डोहाच्या वरच्या अंगाला नदीवर बंधारा होता आणि बंधाऱ्याला एक दार होतं. बागेला पाणी हवं असलं की रंभाजी शिंग फुंकायला लावत. शिंग वाजलं की दार बंद, आणि सगळी नदी पाटानं बागेत. हत्तींना अंघोळ हवी असली की येसाजी नगारा बडवायला लावत. नगारा वाजला की दार सताड उघडं. शास्त्रीबुवा राजवाड्याच्या सज्जात बसून दोन्ही ऐकत आणि ‘देखरेख उत्तम’ असा शेरा देत. बंधाऱ्याखाली उतरून मात्र कुणीच कधी बघितलं नव्हतं. तिथं चिखल असतो ना!

“मासे गेले कुठं?” राजानं विचारलं.

तिघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. “डोहाकाठच्या भोयांनी खाल्ले, महाराज.”

“मग भोईआळी उठवा. उद्याच्या उद्या!”

ही बातमी आळीत पोचली तशी हौसा भोईण ओल्या लुगड्यानिशी दरबारात येऊन उभी राहिली.

“म्हाराज, डोहातला मासा देवीचा. तिच्या हद्दीत आमी जाळं टाकत न्हाई. पाणीच धड न्हाई तर मासा ऱ्हाईल कसा? कधी टिपूस न्हाई, तर कधी लोंढा.”

“मासे तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले होते वाटतं?” शास्त्रीबुवा म्हणाले. सगळा दरबार हसला.

राजाला ती कल्पना फारच आवडली, आणि त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते हत्ती लावूनही निघत नसे. “ठरलं. पाणी कसं हवं ते माशानं माझ्या दरबारात, माझ्यासमोर तोंडानं सांगायचं. नाही सांगितलं तर आळी उठली.”

 हौसाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, ओली बाळंतीण जाऊ होती. त्यांना घेऊन जायचं कुठं? पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही.

“सांगंल की. पर मासा पाण्याभाईर बोलत न्हाई. दरबार डोहात भरवा.”

दुसऱ्या दिवशी दरबार डोहात भरला. सिंहासन कमरेइतक्या पाण्यात मांडलं होतं. चवरी ढाळणाऱ्याला बेडकांनी हैराण केलं होतं आणि शास्त्रीबुवा पंचांग डोक्यावर धरून उभे होते. माशांचा पत्ता नव्हता.

इतक्यात वर बंधाऱ्यावर बागेच्या रोजच्या पाण्याचं शिंग वाजलं. बघता बघता पाणी ओसरलं आणि दरबार चिखलात रुतला. ऊन मी म्हणत होतं. राजाच्या मोजडीत खेकडा शिरला.

“अरे, पाणी सोडा!” राजा ओरडला. “तडफडून मरू आम्ही इथं!”

पण बंधाऱ्यावरची माणसं हुकमाची पक्की. नगारा वाजल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, हे त्यांना रंभाजी आणि येसाजींनीच शिकवलं होतं.

बऱ्याच वेळानं हत्तींच्या अंघोळीचा नगारा वाजला आणि लोंढा आला. आधी सिंहासन गेलं, मग पंचांग, मग पागोट्यांची रांग आणि पागोट्यांमागं त्यांचे मालक!

“हळू!” राजा गटांगळ्या खात ओरडला. “हळू सोडा रे! थोडं सोडा, पण सारखं सोडा!”

डोहाच्या तोंडाशी, देवीची हद्द संपते तिथं, भोयांनी आडवं जाळं लावून ठेवलं होतं. राजा, दोन्ही दारोगे आणि शास्त्रीबुवा एकावर एक त्यात येऊन पडले. कुणाचा पाय कुणाचा ते कळेना.

काठावरून हौसानं वाकून मुजरा केला. “म्हाराज, माशाचं म्हणणं ऐकलंत न्हवं? आता आळीचं काय ते सांगा.”

“मासा कधी बोलला?” राजा शास्त्रीबुवांच्या शेंडीखालून गुरगुरला.

“बोलला की. पाणी सोडा म्हनला. मंग हळू सोडा, थोडं पर सारखं सोडा, म्हनला. समद्या दरबारानं ऐकलं.”

“अगं, ते तर मी बोललो!”

“तुमी जाळ्यात हाय, म्हाराज,” हौसा म्हणाली. “आन् जाळ्यात गावला त्याला आमी भोई मासाच म्हंतो.”

राजा आधी फुसकन हसला, आणि मग असा खदखदा हसला की जाळं काठासकट हललं.

“भोईआळी आहे तिथंच राहील,” डोळे पुसत तो म्हणाला. “दार आजपासून हौसाच्या हाती. शिंगही तिचं, नगाराही तिचा. आणि मंडळाची बैठक यापुढं डोहातच भरेल. शास्त्रीबुवा, पाणी कसं सोडायचं म्हणता?”

“हळू, महाराज,” शास्त्रीबुवा जाळ्यातूनच हात वर करून म्हणाले. “अगदी हळू!”