खुंटीवरचा शेला

पूर्वी, म्हणजे आपल्या खापरपणजोबांचा खापरपणजोबा रांगत होता त्याच्याही आधी, एका राज्याच्या मधोमध एक रुंद नदी वाहत होती. बाजार अलीकडच्या काठाला, देवीचं देऊळ पलीकडच्या. कुणाचं माहेर इकडे, तर कुणाचं तिकडे. नावेवाचून त्या राज्यात कुणाचं पान हलत नसे.

एका साली सरकारी नाव भर पाण्यात फुटली. चाळीस माणसं गेली. तेव्हाचा राजा शहाणा होता. नावांच्या कारभाऱ्याला नुसतं दरडावून तो थांबला नाही. त्या कारभाऱ्यावर नजर ठेवायला त्याने पाच पंच बसवले. नियम घालून दिले तीनच. पंच निवडायचे ते नदी ओलांडणाऱ्या लोकांनी, कारभाऱ्याने नव्हे. दर पंधरवड्याला पंचांनी नावा तपासायच्या, आणि पाचांतल्या एकाने जरी 'नको' म्हटलं, तरी ती नाव काठावरच राहायची. तिसरा नियम सगळ्यांत कडक. ज्या नावेला पंच 'ठीक' म्हणतील, तिच्या पहिल्या खेपेला पंचाने बायको-मुलांना घेऊन स्वतः बसायचं.

त्या नियमाने, बाबांनो, पन्नास वर्षं एकही नाव बुडाली नाही. आपलंच माणूस शेजारी बसणार म्हटल्यावर कोण कुजक्या फळीला 'चालेल' म्हणेल?

या पंचांमध्ये एक होता, त्याला सगळे ठोकेबाबा म्हणत. बोटांच्या पेरांनी तो फळीवर ठोके मारायचा आणि कान लावून ऐकायचा. लाकूड खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द आवाज आला की म्हणायचा, "आतून गेलीय. काढा." नावाडी चरफडायचे, पण फळी काढायचे.

त्याची बायको भिवराबाई. नवी नवरी असल्यापासून ती प्रत्येक तपासलेल्या नावेत त्याच्याशेजारी बसली. पहिल्या वेळी तिने नावेची कड घट्ट धरून ठेवली होती. पुढे पुढे ती बायकांना हसून सांगायची, "अगं, यांनी ठोकून पाहिलीय म्हणजे घरच्या ओसरीवर बसल्यासारखं आहे." ठोकेबाबाच्या खांद्यावर एक शेला असायचा. त्याचे तांबडे काठ तिनेच विणले होते.

मग जुना राजा गेला आणि नवा आला. नवा कारभारीही आला. हा माणूस मोठा गोड. साखर पेरावी तसा बोलायचा.

त्या साली एक पंच वारला. लोकांनी दुसरा निवडावा, तर कारभारी म्हणाला, "घाई कशाला? योग्य माणूस शोधू या." शोध सुरू झाला, आणि अजून सुरूच आहे म्हणतात. दुसऱ्या पंचाची दृष्टी गेली. त्याची जागाही योग्य माणसाची वाट पाहत बसली. तिसरा म्हातारपणाने घरी बसला, तेव्हा मात्र योग्य माणूस लगेच सापडला. तो निघाला कारभाऱ्याचा मेहुणा. चौथ्याच्या जागी कारभाऱ्याच्याच कचेरीतला एक कारकून 'तात्पुरता' येऊन बसला. केस पिकले तरी त्याचं तात्पुरतेपण काही संपलं नाही.

ठोकेबाबाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण कारभारी दरवेळी त्याच्याकडे यायचा, पाया पडायचा आणि म्हणायचा, "बाबा, तुम्ही आहात ना? मग काळजी कसली!" म्हातारा फुलून जायचा. वाटायचं, खरंच की, मी आहे ना.

पावसात पंच घाटावर भिजतात म्हणून कारभाऱ्याने त्यांना स्वतःच्या पडवीत बसायला जागा दिली. बाबा म्हणाला, बरं झालं, गुडघे दुखतातच. एकट्याच्या लहरीवर नाव अडू नये म्हणून राजाचा हुकूम निघाला, की नाव थांबवायला आता तिघांचा नकार हवा. बाबा म्हणाला, माझ्या शब्दाला कोण नाही म्हणणार? शेवटी कारभारी म्हणाला, "बाबा, या वयात पहिल्या खेपेला नावेत कशाला बसता? सगळ्या पंचांच्या वतीने तुमचा शेला पाठवू. शेला गेला म्हणजे तुम्हीच गेलात. माणसाइतकाच मान!"

हे बाबाच्या मनाला लागलं. पण गुडघे खरंच दुखत होते. शेला कारभाऱ्याच्या पडवीतल्या खुंटीला टांगला गेला. तेव्हापासून नावेच्या पुढच्या टोकाला तांबड्या काठाचा शेला घडी घालून ठेवलेला दिसला, की लोक बिनघोर चढायचे.

भाद्रपद आला. नदी दुथडी भरून चालली होती. भिवराबाईला भावाने गौरीजेवणाला बोलावलं होतं, पलीकडच्या काठाला. तिने चोळीचा खण काढून ठेवला, अनारसे बांधले.

आदल्या दिवशी पंचांनी मोठी नाव तपासली. बाबाने तळाच्या फळीवर पेरं मारली. भद्द. पुन्हा मारली. भद्द. "ही उद्या जायची नाही," तो म्हणाला.

मेहुणा म्हणाला, "मला तर ठणठणीत वाटते."

कारकून म्हणाला, "मलाही."

"अरे, बोट घाला इथे! लाकूड भाकरीसारखं तुटतंय!"

"बाबा," कारभारी नेहमीच्याच गोडीने म्हणाला, "सणाची गर्दी आहे. फळी काय, सणानंतर बदलू. आणि नकार तिघांचा लागतो. तुम्ही किती जण आहात?"

ठोकेबाबाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन जागा रिकाम्या, दोन जागा कारभाऱ्याच्या. आणि हे सगळं त्याच्याच डोळ्यांदेखत, त्याच्याच होकाराने झालेलं.

तो उठला. पडवीतून जाताना त्याने खुंटीवरच्या शेल्याला हात घातला. मेहुणा हसून म्हणाला, "नेताय? न्या की. पण शेला नेला म्हणजे पंचपण सोडलं, असं आम्हाला लिहावं लागेल."

बाबाचा हात तिथेच थांबला. चाळीस वर्षांचा मान! उद्यापासून घाटावर आपण कोण? त्याने हात मागे घेतला आणि घरी आला.

घरी भिवराबाई म्हणाली, "अहो, मी सकाळी लवकर निघते बरं का. तुमचं जेवण झाकून ठेवते."

त्याच्या ओठावर आलं होतं, मोठ्या नावेत बसू नकोस. पण मग ती विचारणार, का? मग सांगावं लागणार, की माझा शब्द आता कुणी विचारत नाही, माझा नुसता शेला चालतो. बायकोसमोर हे कसं बोलावं? शिवाय माहेरी ती नेहमी छोट्या नावेनेच जाते, असं त्याने स्वतःला समजावलं. "जपून जा," एवढंच तो म्हणाला.

सकाळी तो उठला तेव्हा ती गेलेली होती. जेवण झाकलेलं होतं. त्याने झाकण काढलंही नाही. तो तसाच दुखऱ्या गुडघ्यांनी घाटाकडे धावत सुटला.

घाटावर काय झालं होतं ते ऐका. पाण्याचा जोर पाहून लोक बिचकत होते. मोठ्या नावेत पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. इतक्यात भिवराबाई आली. तिची नजर तांबड्या काठांवर गेली. "अगं बायांनो, भिता काय?" ती म्हणाली. "हा बघा यांचा शेला! चला." ती सगळ्यांत आधी चढली, आणि तिच्या मागून बायका चढल्या, लेकुरवाळ्या चढल्या, म्हातारे चढले.

ठोकेबाबा पोचला तेव्हा दोर सुटला होता. नाव चार हातांवर नव्हती, चाळीस हातांवर होती.

"भिवरा! उतरा! फिरवा नाव! आतून गेलीय!" तो ऊर फुटेस्तोवर ओरडला. पाण्याच्या घोंघाटात काय पोचलं, काय नाही, देव जाणे. तिला एवढंच दिसलं, की म्हातारा काठावर घाबराघुबरा हात हलवतोय. आपली काळजी करतोय, असं तिला वाटलं. तिने शेल्याचं टोक हातात धरलं, उंच करून त्याला दाखवलं आणि हसली. काळजी करू नका, तुमचा शेला आहे ना.

मध्यधारेला तळाची फळी सुटली. सत्तावीस माणसं गेली. भिवराबाई सापडलीच नाही. शेला सापडला, खाली एका बाभळीला अडकलेला.

राजाने चौकशी लावली. कारभाऱ्याने कागद पुढे केले. पंचांनी नाव तपासली होती. तिघांचा नकार नव्हता. शेला नावेत होता. सगळं नियमाप्रमाणे. दोष कुणाचाच निघाला नाही, आणि राजाने नदीलाच बोल लावला.

ठोकेबाबाने राजासमोर हात जोडले. "महाराज, दोष माझा आहे. मी जागा सोडली नाही, पण जागेवर राहिलोही नाही." त्याचं म्हणणं कारकुनाने लिहून घेतलं की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवसापासून बाबा घाटावर बसून काठावरचे दगड बोटांनी ठोकत असायचा आणि कान लावून ऐकायचा. त्याची जागा रिकामी झाली. कारभारी म्हणाला, योग्य माणूस शोधू.

आणि शेला? तो धुतला, वाळवला आणि पुन्हा खुंटीला टांगला. पुढच्या पंधरवड्याला नवी नाव निघाली, तेव्हा तो तिच्या पुढच्या टोकाला घडी घालून ठेवलेला होता. लोक चढले.

तात्पर्य: राखणदार कोण असावा हे ज्याच्यावर राखण ठेवायची तोच ठरवू लागला आणि राखणदार मानासाठी गप्प राहिला, की राखण खुंटीला टांगली जाते आणि माणसं पाण्यात जातात.