आधी पाणी, मग होकार

फार पूर्वी अरिष्टपुरात मद्दव राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होऊन जन्मला. राजाला पंडितांची भारी हौस. ज्याची वस्तू त्याने हव्या त्या भावाने विकावी, घेणाऱ्याने राजीखुशीने घ्यावी, राजाने मध्ये तोंड घालू नये, यालाच स्वातंत्र्य म्हणतात, असे त्यांनी त्याच्या गळी उतरवले होते. म्हणून वाळवंटातल्या वाटेवरची एकुलती एक विहीर राजाने पिंगिय श्रेष्ठीला विकून टाकली.

पिंगियाने तिथे एक रीत पाडली. ज्याच्याजवळ द्यायला काही नाही त्याने विहिरीचा दोर हातात धरून साक्षीदारांदेखत म्हणायचे, "मी राजीखुशीने यांचा दास होतो." मग पाणी. शब्द अडखळले तर पुन्हा म्हणायला लावी, इतका नीतिमान गृहस्थ!

दुष्काळातून वाट काढत कंदरा नावाची कुंभारीण लेकीला घेऊन तिथे पोचली. तहानेने पोरीचे डोळे फिरू लागले तेव्हा तिने दोर धरला आणि दोघींचा उभा जन्म पिंगियाला देऊन टाकला. पुढे ती लेकीसह पळाली, पकडली गेली. पिंगियाने दोघींना न्यायसभेत उभे केले.

"ही हो म्हणाली. मी काय हिचा गळा धरला होता?" पिंगिय म्हणाला. पंडितांनी माना डोलावल्या.

"पोरगी मरत होती, महाराज," कंदरा म्हणाली. "नाही कसं म्हणतात, ते तेव्हा मला आठवलंच नाही."

बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र त्याने चढवला नाही.

"श्रेष्ठी, तुमची रीत चालू द्या. फक्त आधी पोटभर पाणी पाजा, मग दोर हातात द्या आणि विचारा. तेव्हा जो हो म्हणेल, तो खुशाल तुमचा."

"मग कोण खुळा हो म्हणेल?" पिंगिय उसळून बोलून गेला.



"ऐकलंत, महाराज?" बोधिसत्त्व म्हणाला. "याला सगळं ठाऊक होतं. आपण मात्र असल्या होकाराला स्वातंत्र्य म्हणत बसलो. लाज वाटते मला या आसनावर बसायची."

राजाने मान खाली घातली. मायलेकी सुटल्या, विहीर सर्वांना खुली झाली. पंडित दुसऱ्या दिवशी नवा ग्रंथ रचायला बसले. त्यांचे काय जाते!

जमलेल्या संघाला एवढे सांगून शास्ता भगवान म्हणाले, "तेव्हाची कंदरा म्हणजे आजची भिक्षुणी सुमेधिका, तिची लेक म्हणजे तिचीच शिष्या वप्पा, मद्दव राजा म्हणजे हा समोर बसलेला उपासक नंदिय, आणि न्यायामात्य मी."

"आणि पिंगिय?" नंदियाने विचारले.

"आज सकाळी ज्याने कुणा उपाशी माणसाकडून होकार घेतला असेल, त्याने उठून सांगावे."

कोणी उठले नाही. शास्त्यांनी दाखवलेली ती करुणेची पराकाष्ठा. करुणा नेहमी गोडच बोलते, असे कोणी समजू नये.