डावीकडची मॅट

"नापास? मी?"

समरजित खर्डेकरांनी गाडीचं दार आपटलं. भारीतली परदेशी गाडी. आपटलं तरी आवाज आला नाही. त्याचाही त्यांना राग आला.

दस्तगीर उस्ताद डावीकडनं सावकाश उतरले. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तुमच्या ह्या रस्त्यावर एवढ्या जोरात कोणी वळण मारलंय? एक नाव सांगा."

"कोणी नाही."

"गाडी घसरली?"

"नाही."

"कुठं घासली?"

"छे."

"ब्रेक पार वळणाआधीच्या शेवटच्या खांबाला मारला मी. शेवटच्या! तिथं बाकीच्यांची हातभर फाटते. मग नापास कशात?"

"मला झोप लागली नाही, सरकार."

…

उस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. तरुणपणी चिखलातल्या, डोंगरातल्या मोटारींच्या शर्यती मारलेला माणूस. आता आंबोलीच्या अलीकडं एका कातळाच्या माळावर शिकवतो. तिथं मोठ्या लोकांसाठी एक ठिकाण केलंय. राहायला तंबू, तंबूत न्हाणीघर, न्हाणीघरात झुंबर. आणि गाड्या पळवायला गोल रस्ता. जाताना मॅनेजर सगळ्यांना चकचकीत सर्टिफिकेट देतो. ज्याला गाडी धड मागं घेता येत नाही, त्यालाही देतो. पैसे भरलेत ना त्यानं.

उस्तादांचा पास वेगळा. शिकवणी झाली की ते पोटभर जेवतात आणि शिकणाऱ्याच्या गाडीत डावीकडं बसतात. डोळे मिटतात. डुलकी लागली तर पास. नाही लागली तर नापास. त्यावर वाद घालायचा नाही.

खर्डेकरांना ही रीत ठाऊक होती. म्हाताऱ्याची लहर, असं ते म्हणायचे. पण त्यांना तोच पास हवा होता, आणि आजच हवा होता.

कारण शेडमध्ये बाकावर त्यांची बायको बसली होती.

ऊर्मिलाबाई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या नवऱ्याच्या गाडीतनं आल्या नव्हत्या. कोल्हापुरातनं भाड्याची गाडी करून नवऱ्याच्या मागनं आल्या होत्या. लोक हसले तर हसू देत.

खर्डेकरांनी परदेशातली सहल ठरवली होती. बर्फाच्या डोंगरातनं दोघांनी जायचं, गाडी आपणच चालवायची, रात्री राजवाड्यासारख्या हॉटेलात उतरायचं. तिकिटं काढून झाली होती. बाई म्हणाल्या, उस्तादांनी पास केलं तर येते, नाहीतर एकट्यानं जाऊन या. त्यांच्या भावाला उस्तादांनीच शिकवलं होतं. भावाच्या गाडीत बसल्या की गावाबाहेरचा शिरोलीचा नाका यायच्या आत बाई झोपलेल्या असतात.

"अहो, गाडीत झोपायला आलाय का तुम्ही?" खर्डेकर म्हणाले. "ही गाडी झोपायची नाही. ही जिवंत गाडी आहे."

"व्हय. मीही जिवंत आहे अजून. तेच तर सांगतोय."

"चेष्टा करू नका. तिला काय सांगू मी? घाबरट आहे ती असंही नाही. माझ्या शेजारी बसते तेव्हा चकार शब्द काढत नाही. भीती वाटली असती तर बोलली असती की नाही?"



उस्ताद वाकले, डावीकडचं दार उघडलं आणि पायाखालची मॅट बाहेर ओढली. उन्हात धरली.

"मॅट नवी दिसती."

"नवीच आहे. दोनदा बदलून घेतली शोरूमकडनं. भिकार माल! एवढी गाडी देतात आणि मॅट टिकत नाही. परवा मॅनेजरला फोनवर असा झाडलाय, की जन्मात विसरायचा नाही."

"उजवीकडची पण बदलली?"

"उजवीकडची चांगली आहे."

"तुमच्या पायाखालची टिकती. हिकडची टिकत नाही."

"तेच म्हणतोय मी! एका गाडीत दोन तऱ्हेचा माल घालतात, चोर लेकाचे."

मॅटला भोक पडत आलं होतं. उजव्या पायाची टाच जिथं येते, बरोबर तिथं. बाकीची कोरी. पलीकडनं ऊन आरपार दिसत होतं.

उस्तादांनी मॅट परत घातली. हातानं सरळ केली.

"बसा."

"कुठं?"

"हिथं. डावीकडं."

"माझ्या गाडीत मी डावीकडं बसत नाही."

"म्हणूनच बसा."

खर्डेकर बसले. उस्तादांनी गाडी काढली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. म्हातारा आरशात बघत नव्हता, घड्याळात बघत नव्हता. लांब पट्टीवर गाडी सुटली आणि समोर ते शेवटचं वळण आलं. पलीकडं कातळ संपतो, त्याच्या पुढं नुसती दरी. खांब मागं पडायला लागले. उस्तादांचा पाय हलला नाही. अजून एक खांब… अजून एक…

ब्रेक शेवटच्या खांबाला लागला. खर्डेकरांनी मारला होता तिथंच. गाडी गुमान वळली.

शेडपुढं येऊन उस्तादांनी इंजिन बंद केलं. खर्डेकरांनी दारावरची मूठ घट्ट धरली होती. कपाळाला घाम. गाडीत तर गारठा होता.

"सरकार, पाय उचला."

खर्डेकरांनी खाली बघितलं. उजवा पाय ताठ झाला होता. बुटाची टाच त्या खळग्यात रुतली होती. बेतून शिवल्यासारखी.

"काय दाबत होता?"

"माझ्या शिकवणीच्या गाडीला डावीकडं पण ब्रेक असतो," उस्ताद म्हणाले. "तुमच्या गाडीला बघितला. नाही."

खर्डेकर उतरले. शेडपर्यंत चालत गेले. एवढासा रस्ता, पण त्यांना तो सरेना.

बाकावर ऊर्मिलाबाईंनी पाय आखडून घेतले. उजव्या चपलेची टाच एका बाजूला पार घासली होती. बाप्या माणसाला बायकोची साडी दिसते, दागिना दिसतो. चप्पल कशाला दिसेल?

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते की."

"कधी?"

"लग्न झाल्यावर. पन्हाळ्याला जाताना. हळू घ्या म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, मला कळतंय, तू गप बस."

"एवढ्यावरनं?"

"एवढ्यावरनं नाही. मग ज्योतिबाला जाताना म्हणाले, मग गोव्याला म्हणाले. नंतर कंटाळा आला. गप बसले." त्यांनी पर्स उचलली. "नापास झालात ना? मग मी निघते. भाड्याची गाडी उभी आहे."

"थांब."

"कशाला?"

खर्डेकरांनी तोंड उघडलं. त्यांना नेहमी बोलायला भरपूर असतं. कारखान्यात माणसं त्यांच्या आवाजानं उभी राहतात. आता एकच निघालं.

"डावीकडनं ते वळण… लई जवळ दिसतं गं."

ऊर्मिलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. नीट, वरपासनं खालपर्यंत, बाजारात वस्तू पारखावी तसं. मग चालत गाडीपाशी गेल्या आणि डावीकडचं दार आपल्या हातानं उघडलं.

"भाड्याची गाडी मागनं येऊ दे," त्या म्हणाल्या. "सोडायची नाही."

"नाही सोडत."

"पुढच्या फाट्यापर्यंत बसते. मग बघू."

"सहलीचं?"

"ते लांब आहे अजून. आधी फाटा येऊ दे."

बसल्या. पाय मॅटवर ठेवले, त्याच खळग्यात. सवयीनं.

खर्डेकर उजवीकडं बसले. पट्टा लावला. इंजिनाचं बटण दाबलं आणि तसेच थांबले. काच खाली घेतली.

"उस्ताद."

"बोला, सरकार."

"परत परीक्षा कधी घ्याल?"

"मी कशाला घेऊ? मला आजकाल गाडीत झोप कमीच येती." उस्तादांनी पलीकडच्या सीटवर बघितलं. "ताईसाहेबांना डुलकी लागली की पास."

ऊर्मिलाबाई समोर बघत होत्या. ओठ मात्र जरा हलले.

"मग ज्या दिवशी लागेल," खर्डेकर म्हणाले, "त्या दिवशी गाडी वळवून सरळ तुमच्याकडं येतो. पास घ्यायला."

उस्तादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली…

"येऊ नका. झोपमोड होईल त्यांची."